पाण्याखालील श्वासाची किंमत

जमिनीवर वावरणारा माणूस दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि त्यांपैकी एकाही श्वासाची त्याला आठवण राहत नाही. हवा सर्वत्र आहे, तिचा दाब ठरलेला आहे आणि आपली छाती त्या दाबाशी जन्मापासून जुळलेली आहे. पाण्यात बुडी मारताच ही सारी व्यवस्था मोडते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार, असा हा हिशेब आहे. हा दाब छातीला चोहोंकडून आवळतो. त्यामुळे लांब नळीचे एक टोक पाण्याबाहेर ठेवून एक-दोन मीटर खोलीवरून वरची हवा ओढू म्हटले, तरी छातीचे स्नायू थोड्याच वेळात हार खातात. हवा हवी, पण ती भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवी. जास्त झाली तर फुप्फुसाला इजा होईल आणि कमी पडली तर श्वासच घेता येणार नाही.

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत तर हवा २०० बार दाबाने कोंबून भरलेली असते. एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण. हा प्रचंड दाब उतरवून, प्रत्येक खोलीवर, प्रत्येक श्वासाला, नेमक्या हव्या त्या दाबाची हवा तोंडाशी आणून देणारे जे उपकरण, त्याला रेग्युलेटर म्हणतात. स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनसाधन अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'स्कूबा' हे नाव रूढ झाले. त्या साऱ्या सरंजामाचा प्राण म्हणजे हा रेग्युलेटर होय.

अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी बेट, गोवा आणि कोकणातील मालवण-तारकर्ली येथे ही विद्या शिकणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. शिकून झाल्यावर स्वतःचे साधन घ्यावे असे अनेकांना वाटते आणि दुकानात जाताच एक कोडे पुढे उभे राहते. दोन रेग्युलेटर शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असते. दोन्ही तोंडात धरून पाहिले, तर दोहोंतूनही हवा सारख्याच सहजतेने येते. मग अधिक पैसे कशाचे? प्रश्न श्वासाचा असल्यामुळे कंजूषपणाची भीती वाटते आणि त्या भीतीपोटी पुष्कळदा नको असलेल्या गुणांचीही किंमत मोजली जाते. या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते उपकरणाच्या रचनेत आणि भौतिकीच्या काही साध्या नियमांत आहे.

शोधाची वाटचाल

मागेल तेव्हाच आणि मागेल तेवढीच हवा देणारी झडप ही कल्पना मूळची खाणीतली. फ्रान्समधील खाण अभियंता बनुआ रूकेरोल याने १८६० साली अशा झडपेचे पेटंट घेतले. १८६४ साली ऑग्युस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या सहकार्याने ती पाण्याखालच्या कामासाठी वापरात आली. परंतु त्या काळच्या टाक्यांना फार मोठा दाब सोसत नसे. म्हणून पाणबुड्याला बहुधा वरून पंपाने नळीवाटे हवा पुरवावी लागे.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई झाली. मोटारी ज्वलनवायूवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातील झाक-इव्ह कुस्तो १९४२ च्या अखेरीस त्याला पॅरिसमध्ये भेटला आणि त्या झडपेतून पाणबुड्याचा रेग्युलेटर जन्मास आला. १९४३ च्या जानेवारीत मार्न नदीत पहिली चाचणी झाली. पाणबुड्या आडवा असताना हवा व्यवस्थित येई. तो उभा राहिला की हवा आपोआप वाहून वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे अवघड होई. कारण साधे होते. झडप पाठीवर होती आणि उच्छ्वासाचे द्वार तोंडाजवळ. दोहोंच्या पातळीत काही सेंटिमीटरांचा फरक पडला, की तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब हिशेब बिघडवून टाकी. उच्छ्वासाचे द्वार झडपेलगत नेताच दोष नाहीसा झाला. रेग्युलेटरच्या गुणावगुणांचा विचार करताना ही हकिकत विसरता कामा नये. कारण पाण्याच्या काही सेंटिमीटर उंचीइतका दाबही या उपकरणात निर्णायक ठरतो.

१९५२ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे टेड एल्ड्रेड याने एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. टाकीच्या तोंडाशी एक भाग, ओठांशी दुसरा भाग आणि दोहोंना जोडणारी एकच बारीक नळी, ही ती मांडणी. आज जगभर हीच मांडणी प्रचलित आहे. स्वस्त रेग्युलेटर असो वा महाग, त्यात फरक नाही.

दोन टप्प्यांचे कार्य

टाकीला जोडलेला भाग म्हणजे पहिला टप्पा. तो २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारणपणे ९ ते १० बारने अधिक असा मधला दाब तयार करतो. तोंडात धरायचा भाग म्हणजे दुसरा टप्पा. त्यात एक लवचिक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस समुद्राचे पाणी आणि दुसऱ्या बाजूस पाणबुड्याच्या तोंडातील हवा. श्वास ओढताच आतला दाब किंचित उतरतो, पडदा आत झुकतो, तो एका तरफेला दाबतो, तरफ झडप उघडते आणि हवा आत येते. ओढणे थांबले की पडदा मागे जातो आणि झडप मिटते. उच्छ्वास एका पातळ रबरी झडपेतून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

दुसऱ्या टप्प्यातील झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारी असते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात बिघाड होऊन मधला दाब भलताच चढला, तर हवा बंद न पडता उलट सतत वाहू लागते. बिघाड झालाच तर तो हवा तोडणारा नसावा, सोडणारा असावा, हे तत्त्व या रचनेत गोवलेले आहे. हे संरक्षण स्वस्त रेग्युलेटरलाही लाभलेले असते, ही गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी.

अधिक किमतीत काय मिळते?

पहिला फरक संतुलनाचा. सर्वांत साध्या पहिल्या टप्प्यात एक दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. टाकीतील दाब झडपेच्या तोंडावर सरळ पडतो आणि ती उघडण्यास हातभार लावतो. टाकी भरलेली असते तोवर हा हातभार मोठा असतो. टाकी रिती होत जाते तसतसा तो घटतो आणि मधला दाबही थोडा उतरतो. परिणामी बुडीच्या अखेरीस श्वास किंचित जड लागतो. ही असंतुलित रचना. संतुलित रचनेत टाकीचा दाब झडपेला उघडण्याच्या किंवा मिटण्याच्या दिशेने ढकलूच शकत नाही, अशी योजना असते. टाकीत २०० बार असोत की ४०, श्वास सारखाच येतो. त्यासाठी भाग अधिक लागतात, ते अधिक काटेकोर घडवावे लागतात आणि किंमत वाढते.

दुसरा फरक प्रवाहाचा. माणसाचा श्वास नळाच्या धारेसारखा एकसारखा नसतो. तो लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. मिनिटाला सरासरी जेवढी हवा लागते, त्याच्या सुमारे तिप्पट वेग लाटेच्या शिखरावर असतो. ५० मीटर खोलीवर जोराने पोहणारा माणूस मिनिटाला ६२.५ लिटर श्वास घेत आहे असे धरू. तेथे दाब सहा वातावरणांचा. तेव्हा शिखरक्षणी रेग्युलेटरला, पृष्ठभागावरील मापाने, मिनिटाला अकराशे लिटरांहून अधिक वेगाने हवा द्यावी लागते. त्याच वेळी एखाद्या सोबत्याची हवा संपून त्याने त्याच पहिल्या टप्प्याला जोडलेला राखीव मुखभाग तोंडात घेतला, तर मागणी दुणावते. महागड्या पहिल्या टप्प्यातील रुंद मार्गांचा खरा उपयोग अशा वेळी दिसून येतो.

तिसरा फरक दुसऱ्या टप्प्यातील सोयींचा. किती ओढल्यावर झडप उघडावी हे कमीजास्त करणारी गुंडी आणि हवेचा झोत वळवणारे पाते महागड्या रेग्युलेटरमध्ये बहुधा असते. झोत योग्य दिशेने वळवला की पडद्यामागे दाब कमी होतो, पडदा आपोआप आत खेचलेला राहतो आणि एकदा सुरू झालेला श्वास जवळजवळ विनाश्रम पुढे चालतो.

चौथा फरक थंड पाण्यासाठीच्या संरक्षणाचा. दाबलेली हवा प्रसरण पावताना थंड होते. २०० बारवरून १० बारवर उतरणारी हवा पहिला टप्पा इतका गारठवते, की गोठणबिंदूच्या जवळपासच्या पाण्यात स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि टाकी पाहता पाहता रिकामी होते. म्हणून थंड पाण्यासाठी स्प्रिंगची खोली बंदिस्त करून पाणी बाहेर ठेवतात.

पाचवा फरक धातूचा आणि दिसण्याचा. बहुतेक रेग्युलेटर क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पितळेचे असतात आणि समुद्रात ते उत्तम टिकतात. टायटॅनियम हलके व गंजरोधक आहे खरे. परंतु ऑक्सिजनचे प्रमाण पुष्कळ वाढवलेल्या वायूमध्ये ते पेट घेण्याचा धोका असल्यामुळे तेथे ते वर्ज्य मानले जाते. रंगीत लेप, झळाळी आणि कोरीव नाव यांचा श्वासाशी काही संबंध नाही.

मोजमापाची भाषा

चव, रंग किंवा दुकानदाराचा शब्द यांवर न विसंबता रेग्युलेटरची तुलना करता यावी, म्हणून श्वसनश्रम नावाचे माप ठरवले आहे. एक लिटर हवा आत घेऊन बाहेर सोडण्यास किती ज्यूल कार्य करावे लागते, हे ते माप. ईएन २५० या युरोपीय मानकानुसार रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाखाली, टाकीत केवळ ५० बार उरलेले असताना, यंत्राच्या साहाय्याने मिनिटाला २५ वेळा, प्रत्येकी अडीच लिटरांचा श्वास घेऊन तपासतात. श्रम लिटरला ३ ज्यूलांपेक्षा अधिक भरता कामा नये, अशी अट आहे.

या आकड्यांचा अर्थ असा. शंभर ग्रॅमचे वजन एक मीटर उचलण्यास सुमारे एक ज्यूल लागतो. तीन ज्यूलांच्या मर्यादेवरील रेग्युलेटरमधून अडीच लिटरांचा श्वास घेणे म्हणजे पाऊण किलोचे वजन एक मीटर उचलण्यासारखे आहे आणि ते मिनिटाला पंचवीस वेळा करावयाचे. एक ज्यूलाच्या रेग्युलेटरमध्ये तेच ओझे पाव किलोवर येते. बाजारातील चांगले रेग्युलेटर कमाल मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी श्रम मागतात आणि त्यांत मध्यम किमतीचे कित्येक रेग्युलेटर असतात.

हा फरक केवळ आरामाचा नाही. खोल पाण्यात हवा दाट होते. तीस मीटरवर ती पृष्ठभागावरच्या चौपट दाट असते. दाट हवा नळ्यांतून आणि श्वासमार्गांतूनही अधिक प्रतिकाराने वाहते. प्रतिकार वाढला की शरीर नकळत श्वास कमी करते, कार्बन डायॉक्साइड रक्तात साठू लागतो, धाप लागते आणि धापेतून घबराट उत्पन्न होते. पाण्याखाली घबराटीसारखा शत्रू नाही. उच्छ्वासाची झडप अरुंद असेल तर बाहेर सोडतानाही हाच त्रास होतो. श्वसनश्रमात उच्छ्वासाचा वाटा पुष्कळदा मोठा असतो.

येथेच दुकानातील परीक्षेचे वैयर्थ्य उघड होते. दुकानात दाब एक वातावरणाचा, हवा विरळ, गिऱ्हाईक निवांत उभे. अशा स्थितीत निकृष्ट रेग्युलेटरही हलका वाटतो. जो भेद खोलीवर, श्रमात आणि रित्या होत चाललेल्या टाकीवर प्रकट होतो, तो काउंटरपाशी प्रकट होत नाही. त्यासाठी चाचणीचे आकडेच पाहिले पाहिजेत.

अतिशय हलकी उघडणारी झडप म्हणजे उत्तम झडप, हाही एक गैरसमज आहे. सामान्यतः अडीच ते चार सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतकी ओढ लागल्यावर झडप उघडते. याहून फारच हलकी ठेवली, तर मार्न नदीतला दोष पुन्हा दिसू लागतो. पाणबुड्या जरा कलला किंवा प्रवाहाला सामोरा गेला, की हवा आपोआप वाहू लागते.

कोणास काय पुरेल?

आता पुन्हा त्या दोन रेग्युलेटरांकडे वळावे. नुकताच शिकलेला पाणबुड्या सामान्यतः १८ मीटरपर्यंतच जातो. तेथे दाब तीन वातावरणांहूनही कमी. भारताच्या किनाऱ्यांवरील समुद्र उबदार असतो. तेथे बर्फ धरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा माणसाने मानकाची कसोटी उतरलेला साधा, असंतुलित दट्ट्याचा रेग्युलेटर घेतला, तर तो आपला जीव धोक्यात घालत नाही. त्या रचनेत हलणारे भाग थोडे, म्हणून बिघडण्यासारखे थोडे आणि दुरुस्तीचा खर्चही थोडा. पुष्कळ प्रशिक्षणकेंद्रे वर्षानुवर्षे असेच रेग्युलेटर वापरतात, याचे कारण हेच आहे.

जो वारंवार ३० ते ४० मीटरपर्यंत उतरतो, प्रवाहात काम करतो, छायाचित्रे घेतो किंवा संशोधनासाठी पाण्याखाली उपकरणे हाताळतो, त्याने संतुलित पहिला टप्पा घ्यावा. ती चैन नव्हे. द्वारकेच्या समुद्रात १९८० नंतरच्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली जे पुरातत्त्वीय संशोधन झाले, त्यासारख्या कामात पाणबुड्याचे लक्ष श्वासाकडे नव्हे, हातातील कामाकडे असावे लागते. जो युरोपातील सरोवरांत किंवा हिमालयातील थंड जलाशयात उतरणार असेल, त्याला बंदिस्त पहिला टप्पा अनिवार्य आहे. केवळ १० अंश सेल्सियस वा त्याहून उबदार पाण्यासाठी योग्य असलेल्या रेग्युलेटरवर तशी खूण करावी, असे ईएन २५० सांगते. ती खूण वाचली पाहिजे.

या दोहोंच्या मधला मार्गही आहे. मध्यम किमतीत संतुलित पहिला टप्पा आणि साधा दुसरा टप्पा अशी जोडी मिळते. मध्यम किमतीपासून सर्वोच्च किमतीपर्यंत चढताना श्वसनश्रम थोडेच घटतात. वाढतात त्या गुंड्या, लेप आणि वजनातील काटकसर. याचा अर्थ असा, की पहिल्या पायरीवर खर्च केलेला पैसा सर्वाधिक फळ देतो आणि वरच्या पायऱ्यांवर तो क्रमाक्रमाने कमी फळ देतो.

विकत घेण्यापूर्वी

काही गोष्टी किमतीपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. पहिली, जोडणी. टाकीवर बसवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एक शिकंजासारखी कवळणारी, २३२ बारपर्यंतची. दुसरी आट्यांनी फिरवून बसवायची, तिचा एक प्रकार ३०० बारपर्यंत चालतो. जेथे बुडी मारायची तेथील टाक्या कोणत्या, हे आधी विचारावे.

दुसरी, राखीव मुखभाग. तो सोबत्यासाठी असतो. एकाच वेळी दोघांना हवा पुरवण्याच्या कसोटीस उतरलेल्या रेग्युलेटरवर ईएन २५० च्या पुढे 'ए' हे अक्षर असते. स्वतःसाठी महाग मुखभाग घेऊन राखीव म्हणून अगदी सामान्य घेणे हा उलटा हिशेब होय. कारण तो जेव्हा वापरला जाईल, तेव्हा वापरणारा माणूस घाबरलेला आणि धापा टाकणारा असेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, देखभाल. आतील रबरी कड्या, ज्यांना ओ-रिंग म्हणतात, आणि झडपेची बैठक कालांतराने झिजतात. उत्पादक साधारणपणे दरवर्षी, काही दोन वर्षांनी, तपासणी सांगतात. ज्या रेग्युलेटरचे सुटे भाग आणि प्रशिक्षित कारागीर जवळपास मिळत नाहीत, तो कितीही उत्तम असला तरी दोन-तीन वर्षांत संशयास्पद होतो. किंमत विचारतानाच वार्षिक तपासणीचा खर्च विचारावा आणि पाच वर्षांची बेरीज करून मग दोन रेग्युलेटरांची तुलना करावी. अशा बेरजेत पुष्कळदा स्वस्त-महागाचे चित्र पालटते.

रोजची देखभाल तर बिनखर्चाची आहे. बुडीनंतर पहिल्या टप्प्याच्या तोंडावर कोरडे झाकण घट्ट बसवून रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवून धुवावा. तो पाण्यात असताना पुढचे बटण दाबू नये. दाबल्यास झडप उघडून पाणी नळीत शिरते. मग सावलीत वाळवावा. खारे पाणी आत सुकले की मिठाचे स्फटिक होतात आणि ते किंमत पाहून झिजवत नाहीत.

बुडीपूर्वीची एक परीक्षा प्रत्येकाने करावी. टाकी उघडून, दाबमापकावर नजर ठेवून, मुखभागातून चार-पाच श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा थरथरत मागे-पुढे झाला, तर टाकीची तोटी पुरती उघडलेली नाही किंवा मार्गात अडथळा आहे, असे समजावे. उत्कृष्ट रेग्युलेटरही अर्धवट उघड्या तोटीपुढे निरुपाय असतो.

शेवटी आकड्यांकडेच पाहावे. साधारण ११ लिटर पाणी मावेल अशा, २०७ बारने भरलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे २२०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला ३० मीटरवर ८० लिटर लागतात. म्हणजे राखीव साठा न धरताही अर्ध्या तासाच्या आतच टाकी संपते. कोणताही रेग्युलेटर, स्वस्त वा महाग, या टाकीत एक लिटरही अधिक हवा भरत नाही. हवेचा हिशेब ठेवणे, वेळेवर वर येणे आणि सोबत्याला न सोडणे ही कामे शिक्षणाने व सरावाने साधतात. म्हणून ज्याच्यापाशी पैसे मोजकेच आहेत, त्याने कसोटी उतरलेला साधा रेग्युलेटर घ्यावा, उरलेल्या रकमेतून दरवर्षी त्याची तपासणी करून घ्यावी आणि आणखी काही बुड्या अनुभवी शिक्षकाबरोबर माराव्यात. उबदार समुद्रात, माफक खोलीवर, ही वाटणी सर्वांत शहाणपणाची ठरते.